आठवड्यातून दोनदा, खाडे धरून: सासू-सुनेच्या ताकदीच्या व्यायामाच्या नोंदी

मी ४५ वर्षांची, सासूबाई ६८. डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझी नोकरी दादरला, सकाळी आठच्या सुमाराची लोकल. सासूबाईंच्या गुडघ्यांची झीज झालेली आणि रक्तदाबाची एक गोळी चालू. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "नुसतं चालून भागणार नाही, पायांत ताकद आणा." कशी आणायची ते मात्र आमच्यावर सोडलं. जवळच्या जिममध्ये बायकांची बॅच दुपारी ११ ते ४. त्या वेळात ना मला जमणार, ना सासूबाई उन्हातून तीन मजले उतरून जाणार. म्हणून हॉलमध्येच करायचं ठरलं. घरात, कमी जागेत, वयस्कर माणसाला बरोबर घेऊन कुणाला हे करायचं असेल तर या नोंदींतून निदान आमचे वाया गेलेले आठवडे तरी वाचतील.

१० जून २०२४, सोमवार

आधी मोजमाप. हातांची छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा जमतं, ही ज्येष्ठांसाठीची नेहमीची चाचणी. खुर्ची साधारण ४३ सेंमी उंच लागते. आमची जेवणाच्या टेबलाची ४५ भरली, चालवून घेतली. सासूबाईंचे ८ झाले. ६५ ते ६९ वयाच्या बाईचे ११ पेक्षा कमी आले तर पाय अशक्त धरतात. त्यांना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "तुझी खुर्चीच खोल आहे."

ठरवलेला बेत असा: सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहाटे साडेपाच, सहा व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे मधे थांबून तीन फेऱ्या.

१४ जून

बेत आठवडाभरही टिकला नाही. पावणेसहाला पाणी येतं ते तासभर असतं. त्या वेळात पिंप भरायचं की खुर्चीतून उठबस करायची, याचा निकाल पाण्याच्या बाजूनेच लागतो.

दुसरं म्हणजे मांड्या धरल्या. सोमवारी केलं, मंगळवारी थोडं दुखलं आणि बुधवारी सकाळी सासूबाईंना बाथरूमच्या स्टुलावरून उठताना नळाला धरावं लागलं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांना वाटलं काहीतरी मोडलं. पहिले पंधरा दिवस प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, तोही "अजून चार झाले असते" असं वाटत असतानाच थांबवायचा, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात घाबरवलं तर माणूस परत हॉलमध्ये येत नाही.

२४ जून

खुर्चीचं प्रकरण. हलवायला सोपी म्हणून प्लॅस्टिकची घेतली होती. बसताना ती गुळगुळीत टाइलवर मागे सरकली. सासूबाई पडल्या नाहीत, कारण मी मागे उभी होते. आता लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली, आणि पायांत चपला किंवा मोजे नाहीत.

पण खरी अडचण उंचीची होती. ४५ सेंमीवरून हात न लावता उठताना त्यांचा डावा गुडघा आत वळायचा आणि दुखायचा. उठबस सोडून द्यावी असं एकदा मनात आलंही. मग खुर्चीवर जुनी सतरंजी चौघडी करून ठेवली, वर दोन गोधड्या घड्या घालून. बैठक ५५ सेंमीपर्यंत आली. तिथून त्या सहज उठतात, गुडघा सरळ राहतो. दोन वेळा लागोपाठ दहा काउंट, म्हणजे दहा उठबशा, न धडपडता झाले की एक घडी काढायची. एक घडी म्हणजे दीड-दोन सेंमी. वजनाच्या चकत्या लावून भार वाढवतात तसं आम्ही गोधडी काढून वाढवतो. खर्च शून्य, आणि किती पुढे गेलो ते डोळ्यांना दिसतं. आत्तापर्यंत शोधलेल्यांत हे सगळ्यात कामाचं निघालं.

३ जुलै

सामान आणलं. २० किलोचा सुट्या चकत्यांचा डंबेल सेट, १,३५० रुपये. चकत्या प्लॅस्टिकच्या, आत सिमेंट. घरी प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे (तो २८० चा, गेल्या वर्षीच घेतलेला), त्यावर टांगून पाहिल्या. ३ किलो छापलेली एक चकती २.७५ भरली, दुसरी ३.१. कमी-जास्त भरण्याचं काही नाही, पण या दोन एकाच दांडीच्या दोन टोकांना लावल्या तर मनगट एका बाजूला कलतं. मार्करने खरं वजन लिहिलं आणि जोड्या जुळवून ठेवल्या. सेट घेणार असाल तर घरी आणल्यावर हे आधी करा.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला, रूळ पाण्याखाली, मध्य रेल्वे ठप्प. घरीच. पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता सगळा व्यायाम केला आणि संपल्यावर पाहिलं तर ५५ मिनिटं झालेली. म्हणजे महिनाभर मी सकाळच्या वेळेला नावं ठेवत होते ते उगाच. व्यायामच लांबलचक होता.

वेळ जात होता तो दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत. मोबाइलवर दीड मिनिटाचा टायमर लावायचा, तो लावताना भावकीच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस आहे ते दिसतं, पुढचा सेट पाच मिनिटांनी. मोबाइल आता स्वयंपाकघरात. आळीपाळीने करायचं: त्या खुर्चीवर असताना मी उभी, मी ओट्यावर जोर मारताना त्या बसलेल्या. एकीचा सेट हीच दुसरीची विश्रांती. सहा व्यायामांचे चार केले. (शुक्रवारी जोडलेली ओळ: आज २४ मिनिटांत आटोपलं.)

१५ जुलै

चार व्यायाम कोणते, असं बहिणीने फोनवर विचारलं, म्हणून लिहून ठेवते.

खुर्चीतून उठबस. ढकलण्याचा एक: सासूबाई भिंतीवर जोर काढतात, मी ओट्याच्या कडेवर. ओढण्याचा एक: एक हात खुर्चीवर टेकवून, कमरेत वाकून, दुसऱ्या हाताने डंबेल कोपर मागे नेत बरगडीपर्यंत आणायचं. आणि जमिनीवरून पिशवी उचलणं, ती दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये चालणं. हात डोक्यावर नेऊन वजन उचलण्याचा व्यायाम सासूबाईंच्या उजव्या खांद्यामुळे काढून टाकला. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, त्या खांद्याने आता वरच्या फळीवरचे डबे काढायचेच नाहीत असं घरात ठरलंय.

रक्तदाब असलेल्यांनी जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. हे नुसतं सांगून होत नाही, सगळेच कोंडतात. म्हणून काउंट मोठ्याने मोजायचे. तोंडाने आकडा निघतोय म्हणजे श्वास चालू आहे. शेजारच्यांना आम्ही पहाटे पाढे म्हणतो असं वाटलं होतं.

१७ जुलै

आषाढी एकादशी. सासूबाईंचा उपास, सकाळी पोटात फक्त चहा आणि गोळी. "एवढ्याने काय होतंय" म्हणून उभ्या राहिल्या आणि सातव्या उठबशीला डोळ्यांपुढे अंधारी आली. बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने ठीक झाल्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उपासाच्या दिवशी नको म्हणून सांगितलं. नियम केला: उपास असेल तर व्यायाम दुसऱ्या दिवशी. आणि इतर दिवशीही आधी निदान एक केळं किंवा अर्धी पोळी.

२७ जुलै

वेळेचा प्रश्न अजून लोंबकळतोय. मधे आठवडाभर रात्री करून पाहिलं. मी साडेसातला घरी येते, आठला कुकर, मग मालिका. सासूबाई मालिकेच्या वेळी उठतील हा विचारच चूक. शिवाय रात्री जेवणाआधी माझ्यात त्राण नसतं.

सकाळी ६:५० ते ७:१५ ही एकच फट सापडते. पाणी भरून झालेलं, लोकलला वेळ आहे. पण तेव्हा मी पोळ्या लाटत असते. शेवटी पोळ्यांना बाई लावली, महिना २,००० रुपये. हा खर्च व्यायामाच्या खात्यात धरायचा की नाही, यावर घरात एकमत नाही. माझ्या मते धरायचाच. जिमची फी आणि प्रोटीनचे डबे सगळे मोजतात, घरातल्या बाईची पंचवीस मिनिटं कुठून येतात ते कुणी मोजत नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण सुरू झाला आणि सोमवार गेला. श्रावणी सोमवार सासूबाई कडक पाळतात. पुढे संकष्टी, दोन एकादश्या. वार ठरवून तीन दिवस करायचे म्हटलं तर महिन्यात निम्मे दिवस बुडणार, आणि एक बुडला की "आता पुढच्या सोमवारपासून" हे ठरलेलंच.

म्हणून तीनचे दोन केले. मंगळवार आणि शनिवार पक्के. तिसरा जमला तर जमला, नाही तर त्याचं नाव काढायचं नाही. उपास आडवा आला तर दुसऱ्या दिवशी ढकलायचा. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंच्या ताकदीसाठी आठवड्यातून किमान दोनच दिवस सांगते. आधी मला दोन दिवस म्हणजे तडजोड वाटत होती. आता वाटतं, तीन दिवसांचं वेळापत्रक चुकवत बसण्यापेक्षा दोन दिवसांचं पाळलेलं बरं.

नोंद ठेवायला मोबाइलवर ॲप घेतलं होतं ते काढलं. "वजन" या रकान्यात गोधडीच्या घड्या कशा भरणार? स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवालीचे खाडे लिहितोच, त्याच चौकोनात आता आमचंही: "उ १०/२ घ" म्हणजे उठबस दहा, दोन घड्या. चुकलं तर खाडा. सासूबाईंनी कामवालीचे खाडे आयुष्यभर बारकाईने मोजलेत, त्यामुळे स्वतःच्या नावापुढे खाडा लिहायला त्यांचा हात धजावत नाही. हे ॲपला जमलं नसतं.

१४ ऑगस्ट

काल रात्री नात्यात मंगळागौर. सकाळचा व्यायाम झाला होता, त्यावर रात्री एकपर्यंत फुगड्या, झिम्मा आणि पिंगा. आज जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. मंगळागौरीच्या खेळांना व्यायाम न म्हणणाऱ्याने एकदा सूप नाचवून दाखवावं.

२४ ऑगस्ट

पिशवीबद्दल. जमिनीवरून उचलायला आधी कॅनव्हासच्या दोन बंदांच्या पिशवीत पाच किलो तांदूळ ठेवला, वाढवायला एक-एक किलोच्या मिठाच्या पुड्या. एक किलोने वाढवायला याहून स्वस्त काही नाही असं वाटलं होतं. पावसाळ्यात मिठाला ओल सुटली, पुडीच्या शिवणीतून पाझरून पिशवीचा तळ चिकट झाला, आणि तांदळात पोरकिडे झाले. पाच किलो तांदूळ उन्हात घालायला ऊनही नव्हतं.

आता वाळू. पलीकडे बांधकाम चालू आहे तिथून मुकादमाला विचारून बादलीभर आणली, गच्चीवरच्या पत्र्याखाली चार दिवस पसरून सुकवली. जाड पॉलिथिनच्या पिशवीत एक किलो, तोंडाला चिकटपट्टी, त्यावर दुसरी पिशवी, आणि सगळ्यावर जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली थैली. एक किलोच्या सोळा आणि अर्ध्या किलोच्या चार केल्या. ओली वाळू भरू नका, आठवड्यात कुबट वास येतो.

याच पिशवीने मला उसण भरली. उचलताना नाही, ठेवताना. सेट संपला आणि बारा किलो तशीच कमरेतून वळून सोफ्यावर टाकली. सहा दिवस वाकता आलं नाही. आता पिशवी जमिनीवर नाही, पाटावर ठेवतो. पाटामुळे तीन-चार इंच कमी वाकावं लागतं. उचलायची पाटावरून, ठेवायचीही पाटावरच, समोर. वळायचं असेल तर पाय हलवून वळायचं. सासूबाई हे आधीपासून बरोबर करतात, त्यांनी हयातभर पाण्याच्या कळश्या उचलल्यात.

१२ सप्टेंबर

आमचे गणपती गौरींबरोबर जातात. आज विसर्जन. आठवडाभर हॉलमध्ये मखर, पाहुणे, पितळी समया, खुर्च्या गॅलरीत. व्यायामाची जागाच गेली.

यासाठी आधीच एक छोटा बेत लिहून फ्रिजवर लावला होता: खुर्ची मिळेल तिथे दहा उठबशा, भिंत मिळेल तिथे दहा जोर, बस्स. पाच मिनिटं. मंगळवारी गौरींच्या आवाहनाच्या गडबडीत हे बाथरूमच्या बाहेरच्या बोळात झालं. याने ताकद वाढत नाही, पण दिनदर्शिकेवर खाडा पडत नाही, आणि पुढच्या वेळी "पुन्हा सुरुवात" करावी लागत नाही. छोटा बेत आधी लिहून ठेवलेला असावा लागतो. ऐन वेळी ठरवायला गेलं की तो शून्यावर येतो.

गौरीपूजनाला सासूबाई पाटावर बसल्या आणि एका हाताचा टेकू घेऊन उठल्या. गेल्या वर्षी दोघांनी उठवावं लागलं होतं. पाहुण्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांनी मात्र दोनदा सांगितलं.

५ ऑक्टोबर

नवरात्र. सासूबाई उठता-बसता उपास करतात, पहिला आणि शेवटचा दिवस, त्यामुळे मधला काळ मोकळा.

खाण्याबद्दल बहिणीने पुन्हा विचारलं. सासूबाई शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. मुळात त्यांचं दिवसाचं खाणं म्हणजे चहा, पोळी, भात, पातळ आमटी. प्रथिनं फारच कमी. मी उत्साहात प्रोटीन पावडर आणली, १,९०० रुपये. पोट फुगलं, दोन दिवसांत बंद. उरलेला डबा नवऱ्याने संपवला, कुठलाही व्यायाम न करता.

सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० च्या आसपास प्रथिनं असतात म्हणून त्यांची भाजी केली. वास आवडला नाही. शेवटी थालीपीठाच्या भाजणीत भाजलेलं सोयाबीन घातलं, चार वाट्या धान्याला एक वाटी. दीड वाटी घातली तेव्हा कडसर झालं, एक वाटी ठीक. आठवड्यातून तीनदा थालीपीठ, रोज वाटीभर घट्ट दही, दुपारी मूठभर फुटाणे, आणि आमटी पातळ नाही तर घट्ट वरण. याहून जास्त काही केलं नाही. मी अंडी खाते, तो माझा वेगळा कप्पा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. शस्त्रांच्या पूजेला नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरचा संच ठेवला, सासूबाईंनी विळी आणि दोन्ही डंबेल. हळदी-कुंकू, झेंडूचं फूल, सगळं. मग लक्षात आलं आज शनिवार, आणि पूजेला मांडलेलं उद्यापर्यंत हलवायचं नाही. ओढण्याचा व्यायाम बुडाला, बाकीचे झाले. पुढच्या वर्षी व्यायाम आधी, पूजा नंतर.

चाचणीही उरकली: सासूबाई १०. गोधड्या दोन्ही निघाल्या, सतरंजीच्या दोन घड्या उरल्यात.

१२ नोव्हेंबर

दिवाळीत अडीच आठवडे गेले. फ्रिजवरचा छोटा बेतही हरला. चकल्या, माहेरी भाऊबीज, परतताना सर्दी-ताप. कारणं सगळी खरी आहेत.

आज परत सुरू केलं. सासूबाईंना जिथे सोडलं तिथूनच घ्यायचं होतं. एवढ्या दिवसांत ताकद फारशी जात नाही हे खरं, पण अंगाची सवय जाते आणि दुखणं पहिल्या आठवड्यासारखं येतं. एक आठवडा बुडाला तर एक पायरी खाली, दोन बुडाले तर दोन, असं ठरवलं. सतरंजीची घडी परत घातली. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. "परीक्षेत नापास केलंस" असं सुनावलं. पंधरा दिवसांत काढूया म्हटलं.

२६ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे काका वर आले. सकाळी सात वाजता डोक्यावर काहीतरी आपटतं. आपटत होतं ते माझं आठ किलोचं केटलबेल (वर कडी असलेला वजनाचा गोळा), या महिन्यात घेतलेलं, १,१०० रुपये. ९०० रुपयांची जोडायची रबरी मॅट आणली, आवाज थोडाच कमी झाला. फरक पडला तो मॅटच्या खाली जुन्या कापसाच्या गादीचा तुकडा टाकल्यावर. पण गादीवर उभं राहून व्यायाम करू नका, पाय डळमळतो. गादी फक्त वजन टेकवायच्या जागी. काकांना विचारून आले, आता ऐकू येत नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, आम्हालाही सांगा काय करता ते.

१७ डिसेंबर

दोघींचंही डंबेल अडकलं. सासूबाई चार किलो दहा वेळा ओढतात. आमच्या डंबेल सेटमध्ये चकत्यांची पुढची जुळणारी जोडी लावली की सरळ सहा होतात. चारवरून सहा म्हणजे दीडपट. पाच काउंटला कोपर थरथरतं, खांदा कानाकडे चढतो. महिनाभर "पुढच्या वेळी जमेल" म्हणून तेच करत राहिलो, जमलं नाही.

ताकद पुरत नव्हती असं नाही, पायरी उंच होती. अर्ध्या किलोच्या पायात बांधायच्या वजनपट्ट्यांची जोडी ३५० ला मिळाली. ती मनगटाला बांधायची, हातात चार किलो. चार, साडेचार, मग दोन्ही पट्ट्या एकाच मनगटाला म्हणजे पाच. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे. सामान घेताना मोठी वजनं सगळे बघतात, अर्ध्या किलोची कुणी बघत नाही. वयस्कर माणसाला आधी तीच लागतात.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्यांऐवजी रबरी व्यायामपट्टे द्यायची कल्पना माझी. सासूबाईंचा आधी विरोध, "बायका काय म्हणतील". मग त्यांनीच प्रत्येकीला पट्टा खिडकीच्या गजात अडकवून कसा ओढायचा ते दाखवलं. एक पट्टा तिथेच तुटून एकीच्या बांगड्यांवर आपटला. स्वस्तातले होते, ६० रुपयांना एक. गजाच्या गंजलेल्या कडेवर घासून रबर फाटलं होतं. पट्टा अडकवायच्या जागी आधी जुनं कापड गुंडाळा, आणि तोंड पट्ट्याच्या रेषेत ठेवू नका. उरलेले वाटले नाहीत. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, पुढच्या बायकांना वाट्याच दिल्या.

२५ जानेवारी

खाडा. कारण नाही. दोघींनाही कंटाळा आला, चहा पीत बसलो. लिहून ठेवलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी. सासूबाई १३, त्याच ४५ सेंमीच्या खुर्चीवर, मधे काही न घालता. डावा गुडघा अजून थंडीत कुरकुरतो, पण आत वळत नाही. क्ष-किरणात झीज आहे तशीच असणार, ती व्यायामाने भरून येत नाही. जिना: बाजारातून पाच किलोची पिशवी घेऊन जूनमध्ये दोनदा थांबायच्या, आता दुसऱ्या मजल्यावर एकदा. तेही थकल्या म्हणून की तिथल्या काकूंशी बोलायला म्हणून, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

माझं: ओट्यावरचे जोर संपले, टीपॉयवर बारा होतात, जमिनीवर दोन. पिशवी अठरा किलो, पाटावरून. वजनकाट्यावर मी होते तेवढीच आहे. बारीक होण्यासाठी हे करणार असाल तर या नोंदींत तुमच्यासाठी काही नाही.

खर्च: डंबेल १,३५०, केटलबेल १,१००, मॅट ९००, वजनपट्ट्या ३५०, वाणाचे रबरी पट्टे ६००, वाया गेलेली पावडर १,९००. मिळून ६,२००. हुकाचा काटा आधीचाच होता. पोळ्यांच्या बाईंचे महिन्याचे २,००० वेगळे. आज परत घेताना केटलबेल आणि मॅट घेतली नसती, वाळूच्या थैल्यांवर भागलं असतं.

मे महिन्यात भाच्याचं लग्न साताऱ्याला आहे, दहा दिवस तिकडे. वाळू नेणार नाही, रिकाम्या थैल्या नेणार, तिकडे भरू. त्याआधी डंबेलच्या दांडीचा एक नट आटे झिजल्याने सुटतोय, ओढताना चकती घसरते. रबरी वॉशर घालून पाहिला, चार दिवस टिकला. नटाला टेफ्लॉनची टेप गुंडाळ असं नळवाल्याने सुचवलंय, मंगळवारी बघते.